पाठमोरी सेवदा

बसा शेगडीजवळ सरकून. दार ओढून घ्या, नदीवरचं धुकं आत येतंय. सांगतो, पण मधी तोंड घालायचं नाय. मला मधी बोललेलं खपत नाय.

नोव्हेंबरातल्या एका मंगळवारी आमच्या गावचा ग्रोझ्दान सकाळच्या बसनं रुसे शहराला निघाला. साठीचा गडी, द्राक्षाच्या वेली छाटून छाटून हाताची बोटं मुळ्यांसारखी झालेली. बायकोनं फडक्यात पाव, चीज आणि दोन भाजलेल्या मिरच्या बांधून दिल्या. थांब्यावर शेजाऱ्यानं विचारलं, "काय रे, कुठं?"

"फोटो बघायला."

शेजारी खो खो हसला. "फोटो? आरशात बघत नाहीस कधी, आणि फोटो बघायला शहरात चाललास?"

"तुझ्या बापाचं काय जातंय?" ग्रोझ्दान म्हणला आणि बसमधी चढला.

पण तो खरंच फोटो बघायला चालला होता. रुसेत नदीच्या काठाला धान्याचं जुनं कोठार हाय. तिथं प्रदर्शन लागलं होतं. शहरातला एक म्हातारा फोटोवाला आदल्या वर्षी वारला. चाळीस वर्षं तो माणूस गळ्यात कॅमेरा अडकवून गल्लोगल्ली फिरला आणि ज्याच्याकडं कुणी ढुंकून बघत नाय तेच टिपत राहिला. पावाची रांग, बाल्कनीतलं धुणं, बाकावर पेंगणारी म्हातारी. सगळं काळंपांढरं. त्याच्या भाचीनं पेट्या उघडल्या, फोटो मोठे करून भिंतीला लावले आणि पत्रकं छापून वाटली.

त्यातलं एक पत्रक आमच्या पोस्टमननं, त्सांकोनं, ग्रोझ्दानच्या घरी आणलं. पत्रकावर एक फोटो होता. ट्रॉलीबसचा थांबा, ओला रस्ता, आणि थांब्यावर एक पोरगी. पाठमोरी.

ग्रोझ्दानची बायको नेदका हातातली परात खाली ठेवायची विसरली. पोरीच्या अंगावरचा कोट तिनं स्वतः शिवला होता. सासऱ्याच्या मेंढीच्या कातड्याची कॉलर, पाठीवर अर्धा पट्टा, आणि पट्ट्याला दोन बटणं, एक काळं आणि एक पांढरं, कारण काळं दुसरं मिळालं नव्हतं. असला कोट साऱ्या बल्गेरियात एकच होता.

तो कोट अंगावर घालून त्यांची एकुलती एक लेक सेवदा सहा वर्षांपूर्वी घरातनं निघून गेली होती.

आता का गेली ते ऐका. पोरगी एकोणीस वर्षांची. तिला रुसेत शिलाईच्या कारखान्यात काम पायजे होतं. ग्रोझ्दान म्हणला, नाय. ती म्हणली, जाणार. तो म्हणला, फाटकाबाहेर पाय टाकलास तर माझ्या लेखी मेलीस. रागात बापमाणूस असलं बोलतो. मी पण बोललोय. पण बोलून माणूस दारू पितो, झोपतो, सकाळी डोकं खाली घालून बसतो. ग्रोझ्दाननं तसं नाय केलं. पोरगी गेली त्याच्या दुसऱ्या दिवशी तो बाजारच्या गावाला गेला आणि तिच्या मयताचा कागद छापून घिऊन आला.

तुम्ही शहरात वाढलेले, तुमच्यात एखादा चिकटवतात नि मोकळे होतात. आमच्यात अजून रीतसर चालतं. माणूस गेलं की कागद लागतो फाटकावर, चर्चच्या दारावर, थांब्यावर, दुकानाच्या भिंतीवर. वर क्रूस, मधी फोटो, खाली नाव, वय, आणि रडणाऱ्यांची नावं. पुन्हा चाळीस दिवसांनी नवा, वर्षानं नवा. आमच्या गावात जित्यांपेक्षा मेलेल्यांची तोंडं जास्त दिसतात रस्त्यात.

कागदाला फोटो लागतो. घरात सेवदाचा एकच फोटो होता, चुलतबहिणीच्या लग्नातला, सहा जणींच्या मधी हसत उभी. ग्रोझ्दाननं नेदकाची शिवणाची कात्री घेतली आणि लेकीचं तोंड चौकोनात कापून काढलं.

छापखान्यातल्यानं विचारलं, "कधी गेली?"

"काल."

"अरेरे. कशानं गेली?"

"पायानं," ग्रोझ्दान म्हणला.

छापखानेवाल्यानं पेन उचललं. मग म्हणला, "रडणाऱ्यांची नावं सांग."

"कुणी नाय. तसंच छाप. रडणारं कुणी नाय."

आणि तसं छापलं. वीस कागद. ग्रोझ्दाननं स्वतःच्या हातानं गावभर चिकटवले. नेदकानं फाटकावरचा नखांनी ओरबाडून काढला, तर ह्यानं दुसरा लावला. चाळिसाव्या दिवशी बाया रीतीनं साखर घालून उकडलेले गहू घिऊन आल्या, सेवदाच्या आत्म्यासाठी. आता तरी कबूल करावं का नाय, की पोरगी जिवंत हाय, मी डोकं फिरल्यावर केलं हे? पण नाय. हा पठ्ठ्या दारात उभा राहिला, चमचा घेतला आणि पोटच्या पोरीच्या नावाचे गहू खाल्ले. शुद्ध हट्टानं.

त्या दिवसापासनं नेदका त्याच्याशी बोलायची बंद झाली. काय सांगायचं असलं तर शेळीला सांगायची. "शेळे, त्याला म्हणावं पाव संपलाय." त्सांको रोज टपाल देताना विचारायचा, "काय ग्रोझ्दान, शेळीबाईंनी काय हुकूम सोडला आज?" आणि शिव्या खायचा.

वर्ष-दीड वर्षानं ग्रोझ्दान मऊ झाला. शोधायला निघाला. शिलाईचे कारखाने, पोरींची वसतिगृहं, दवाखाने. प्रत्येकजण म्हणायचा, फोटो दाखवा. फोटो होता कुठं? लग्नातल्या फोटोत सेवदाच्या खांद्यांवर चौकोनी भोक. कापलेला तुकडा छापखान्यातनं कुठं गेला, कुणालाच ठाऊक नाय. पोलीस ठाण्यात त्यानं शेवटी घडी घातलेला मयताचा कागदच काढून दाखवला. फौजदारानं कागद वाचला, मग ह्याच्याकडं बघितलं. "आजोबा, ही तर मेलीय. मेलेल्यांना आम्ही शोधत नाय."

चार वर्षं अशीच गेली. आणि मग ते पत्रक आलं. नेदकानं ते दिव्याजवळ धरलं, पाठीवरची दोन बटणं बोटानं चाचपली, आणि सहा वर्षांनी पहिल्यांदा नवऱ्याच्या तोंडाकडं बघून बोलली. गंजलेली बिजागरी करकरावी तसा आवाज निघाला.

"जावा," ती म्हणली. "आणा तिला."

एवढंच. पण ग्रोझ्दानला वाटलं, आता रिकाम्या हातानं परत आलो तर ही पुन्हा मरेपर्यंत बोलायची नाय.

दोन बसा बदलून रुसेत उतरला तेव्हा दुपारचे तीन वाजले असतील, पण धुक्यानं दिवे लागले होते. नदी दिसत नव्हती. बोटींचे भोंगे नुसते, कुठनं तरी खालनं आल्यासारखे. कोठाराचं दार जाड लाकडाचं. आत शिरल्यावर पहिला वास आला जुन्या गव्हाचा आणि उंदरांचा. दाराजवळ टेबल, टेबलावर काळा फोन, आणि ओव्हरकोट घालून सूर्यफुलाच्या बिया सोलत बसलेली एक तिशीची बाई. विहरा तिचं नाव.

"या काका. तुम्हीच आज पहिले," ती म्हणाली. "पाचला बंद करते हं. बूट जरा झटका."

"बूट सोड. हा फोटो कुठाय?" ग्रोझ्दाननं पत्रक पुढं केलं.

"सगळे बघत बघत जा की. येईल तो पण."

"मी काय मजा बघायला आलो नाय, बाई."

"मग कशाला आलात?" विहरानं बी दातात फोडली. "पहिल्या दालनात उजवीकडची भिंत. आणि काचेला हात लावायचा नाही."

दालनं लांबट, एकाला एक लागून. छताला ट्यूबलाइटा, त्यांची सारखी गुणगुण. चुनखडीच्या पांढऱ्या भिंती आणि त्यांवर ओळीनं काळ्या फ्रेमा. माणसं बटाट्याची पोती खांद्यावर घिऊन जिना चढतायत. दोन म्हातारे सोंगट्या खेळतायत, एकानं चीटिंग केलीय आणि दुसरा बघून न बघितल्यासारखं करतोय. बाल्कनीत पत्र्याच्या शेगडीवर बाई मिरच्या भाजतेय. ग्रोझ्दान भराभरा पुढं गेला. त्याला वाटलं ही सगळी माणसं तो गेल्यावर मान वळवून त्याच्याकडं बघतायत. पण तो शहरात कुठंही गेला तरी त्याला तसंच वाटायचं.

आणि मग थांबा आला.

पत्रकावर बोटाएवढी होती, इथं वीतभर. कॉलर. पट्टा. एक बटण काळं, एक पांढरं. केसांची वेणी कोटाच्या आत घातलेली, थंडीत ती नेहमी घालायची तशी. खाली लिहिलं होतं, रेल्वे स्थानकासमोर, १९९५.

पंच्याण्णव. म्हणजे घर सोडल्यावर तीन वर्षांनी. म्हणजे जिवंत होती. थांब्यावर उभी होती, कुठं तरी चालली होती, खिशात हात घालून, पोट भरलेलं असावं. ग्रोझ्दानच्या घशातनं कसला तरी आवाज निघाला आणि त्यानं काचेला अख्खा पंजा लावला.

"काका! हात!" विहरा टाचा वाजवत आली.

"माझी पोरगी हाय."

"कुठली?"

"ही. सेवदा. चार वर्षं शोधतोय हिला."

विहरानं फोटोकडं बघितलं, मग त्याच्याकडं. "पाठीवरनं ओळखलंत?"

"तुझ्या बापाला विचार, ओळखता येतं का नाय."

"माझे बाबा नाहीत," ती म्हणाली. मग हळू आवाजात, "थांबा, रडू नका. फोटोवाल्याच्या भाचीला मी उद्या विचारते. त्यांच्या वह्या आहेत, कुठं काढला, कधी काढला. आणि... तो थांबा त्यांनी पुष्कळदा टिपलाय. दुसऱ्या एखाद्या फोटोत तोंडावरनं दिसेल. चला, बघू."

बाई चांगली होती हो. उगाच आली मधी.

दुसऱ्या दालनात बाजाराचा फोटो होता. मिरच्यांचे ढीग, तराजू, पिशव्या. ग्रोझ्दान बोट दाखवून ओरडला, "ही काय! ही बघ!"

पोत्यांच्या मागं, कडेला, तोच कोट. पाठमोरा. थांब्यावरच्यापेक्षा जरा मोठी दिसत होती, म्हणजे कॅमेऱ्याच्या जवळ.

विहरानं डोळे बारीक केले. "ही... इथं होती?"

"म्हणजे काय होती? हाय की."

"तीन आठवडे रोज सकाळी मी या काचा पुसते, काका." ती पुढं वाकली. "इथं एक कुत्रं होतं. पोत्यापाशी झोपलेलं. मला आवडायचं ते..."

ग्रोझ्दान खालची ओळ वाचत होता. अक्षरं लावून लावून. भाजीबाजार, १९७८.

"चूक लिहिलंय," तो म्हणला. "अठ्ठ्याहत्तरात ती पाच वर्षांची होती."

"असेल चूक," विहरा म्हणाली. पण तिचा आवाज बदलला होता.

पुढचा फोटो सिनेमाच्या रांगेचा. रांगेत सगळ्यात मागं, म्हणजे आपल्या सगळ्यात जवळ, मेंढीची कॉलर. एवढी जवळ की कातड्याचे केस मोजावेत. १९६४.

"ही पण चूक!" ग्रोझ्दान खवळला. "कोण गाढव बसवलंय तारखा लिहायला? माझं लग्न पण झालं नव्हतं तेव्हा!"

"काका... ही टॉकीज मी शाळेत असताना पाडली. पंच्याण्णवात तिथं बँक होती."

ट्यूबलाइट गुणगुणत होती. बाहेर भोंगा झाला. आणि ग्रोझ्दानला दुसरा वास यायला लागला, गव्हाचा नव्हे. आंबूस, नाकात चढणारा, खारवलेल्या कोबीचं पिंप उघडल्यावर येतो तसा.

"हा कसला वास?"

"फोटो धुतात त्या औषधाचा," विहरा म्हणाली. मग तिलाच आठवलं. "पण फोटो तर वाळून महिना झाला..."

"पुढं चल."

"काका, मला वाटतं आपण आता..."

"पुढं चल म्हणतो ना!"

ती आली. का आली कुणास ठाऊक. एकटीनं मागं थांबायची पण छाती झाली नसंल. बर्फात घसरगुंडी खेळणारी पोरं, आणि त्यांच्या अलीकडं ती. न्हाव्याचं दुकान, आरशापुढं ती, पण आरशात न्हावी दिसत होता, गिऱ्हाईक दिसत होतं, तिच्या जागी नुसतं धुरकट. दर फोटोत एकेक पाऊल जवळ. ग्रोझ्दान प्रत्येक फ्रेमेपुढं थांबून हाका मारत होता, आधी मोठ्यानं, मग कुजबुजत.

"सेवदे... ए सेवदे. बा आलाय. वळ की जरा..."

शेवटच्या दालनात एकच फोटो होता, समोरच्या भिंतीवर, दाराएवढा मोठा. वास तिथनं येत होता. विहरा उंबऱ्यातच थांबली.

"तो भिंतीचा आहे," ती म्हणाली. "नुसती भिंत. मयताच्या कागदांची. माणूस नाही त्यात... नव्हता."

आता माणूस होता. कोटाची पाठ अर्ध्या फोटोभर. तिच्यापुढं चौकाची भिंत, आणि भिंतीवर एकाला एक चिकटवलेले शेकडो कागद, पावसानं सुरकुतलेले, तोंडं ओघळलेली. सेवदा त्यातला एक कागद वाचत उभी होती. तिच्या खांद्यावरनं कागद साफ दिसत होता. ग्रोझ्दानला वाचायला लागलंच नाय. वरचा क्रूस, लग्नातलं हसू, वय एकोणीस. आणि खाली, रडणारं कुणी नाय.

"हा मी इथं लावला नव्हता," तो म्हणला. "देवाशप्पथ. वीसच होते. वीसच्या वीस गावात लावले. शहरात एक पण..." तो खाली बसला. "हिला कुणी दाखवला? बाई, हिनं वाचला गं... पोरीनं वाचला..."

"उठा, काका. चला बाहेर."

"ऐक गं, सेवदे." तो काचेला तोंड लावून बोलत होता, त्याच्या वाफेनं काच धुरकट होत होती. "मी खोटं छापलं. रागात होतो. तुझी आई रडली, रोज रडली. मी पण... गोठ्यात जाऊन रडायचो, कुणाला दिसायला नको म्हणून. त्यात ते लिहिलंय ते खरं नाय. ऐकतीस ना?"

कोटाचा खांदा किंचित हलला. विहरानं पण बघितलं. तिनं हात तोंडावर दाबला.

ग्रोझ्दानच्या डोक्यात एकच आलं. कागद काढायचा. नेदकानं फाटकावरचा काढला होता तसा. कागद नसला की पोरगी मेलेली नाय, आणि मेलेली नसली की वळंल. त्यानं खिशातला वेली छाटायचा चाकू काढला, कोपरानं काच फोडली, आणि विहरा किंचाळायच्या आत तो कागदाचा चौकोन, फोटोतनं, नीट चारी कडांनी कापून बाहेर काढला.

"काय केलंत हे!" विहरा रडकुंडीला आली. "काय केलंत, काका!"

त्यानं तुकडा उजेडाला धरला. क्रूस होता. नाव होतं. रडणारं कुणी नाय, ते पण होतं. पण मधी, तोंडाच्या जागी, काय नव्हतं. पांढरा चौकोन.

ट्यूबलाइटची गुणगुण थांबली होती. दिवे चालू होते, पण आवाज थांबला होता.

"काका..." विहरा उंबऱ्यात मागं वळून बघत होती, आधीच्या दालनाकडं. "काका, ती वळली..."

ग्रोझ्दाननं मान वर केली. समोर कोटाची पुढची बाजू होती. तीन बटणं, नेदकानं घट्ट शिवलेली. कॉलरच्या वर केस, केसांच्या मधी चौकोनी भोक. कात्रीनं कापावं तसं, कडा सरळ. भोकातनं मागची चुनखडीची भिंत दिसत होती. तो धावत मागं गेला. न्हाव्याचं दुकान, बर्फ, सिनेमाची रांग, बाजार. सगळीकडं ती समोर तोंड करून उभी, हात खाली सोडून. सगळीकडं भोक. आणि ह्यातल्या एकाही काचेला ओरखडासुद्धा नव्हता.

तेवढ्यात टेबलावरचा फोन वाजला.

वाजला, वाजला, वाजतच राहिला. विहरा हलंना. शेवटी ग्रोझ्दाननंच उचलला, नुसता आवाज बंद व्हावा म्हणून.

"अवो!" पलीकडं नेदका होती. हसत होती. लग्नानंतरच्या पहिल्या वर्षात हसायची तसं. "अवो, आली! आपली सेवदा आली! आत्ता, पाच मिनिटं झाली. फाटकापाशी उभी होती बघा, रस्त्याकडं तोंड करून. मी म्हणलं, अगं आत ये, घर तुझंच हाय. आणि तुम्ही तिकडं शहर पालथं घालताय!"

ग्रोझ्दाननं फोन दुसऱ्या कानाला लावला.

"ऐकताय ना?"

"नेदका... तिचं तोंड बघितलंस?"

"बघितलं म्हणजे काय? समोर बसलीय माझ्या. होती तश्शीच हाय, एकोणिसाचीच वाटती. रंग तेवढा गेलाय पोरीचा, करडी करडी पडलीय. शहरातलं खाणं, दुसरं काय. पण हसती बघा कशी गोड."

"बोलती का?"

"मघापासनं बोलतीच हाय की." नेदका जराशी थांबली. "ओठ नाय हलवत. पण बोलती."

"नेदका, ऐक माझं. घरातनं बाहेर पड. त्सांकोकडं जा. आत्ताच्या आत्ता."

"गप बसा!" नेदकाचा आवाज चिरला. "सहा वर्षं ऐकलं तुमचं. आता नाय ऐकायची. काय पण असू दे. कशी पण असू दे. माझ्या घरात बसलीय माझी पोर, मी नाय उठायची हिच्याजवळनं."

ग्रोझ्दान भिंतीला टेकला. "इथला नंबर तुला कुणी दिला?"

"मला कुठं चष्म्याबिगर दिसतंय? तिनंच फिरवला. पाठ होता तिला." मग पलीकडं खुर्ची सरकल्याचा आवाज आला. "थांबा हं. तिला बोलायचंय तुमच्याशी. देते."

फोन एका हातातनं दुसऱ्या हातात गेला. ते ऐकू येतं, तुम्हाला ठाऊक हाय. मग काय नाय. श्वास नाय, खोकला नाय. नुसता तो आंबूस वास, फोनच्या भोकांमधनं, कानात, नाकात.

विहरा हात हलवून खुणा करत होती, ठेवा, ठेवा फोन. भीती ग्रोझ्दानला पण वाटत होती. पण चार वर्षं त्यानं दारं ठोठावली होती. तिच्या आवाजासाठी त्यानं काय पण दिलं असतं. त्यानं फोन दोन्ही हातांनी धरला, कानाला दाबला आणि म्हणला,

"बोल, पोरी."

आणि ऐकत राहिला. विहरा सांगती, बराच वेळ ऐकत होता. मधीच मान हलवायचा. "बरं," म्हणायचा. "नाय गं, रागवत नाय." एकदा म्हणला, "आईला नको. आईला राहू दे. मी देतो." मग पुन्हा ऐकत राहिला. शेवटी म्हणला, "हो. लगेच," आणि फोन जागेवर ठेवला, हळू, झोपलेल्या पोराला ठेवावं तसा.

पाच वाजून गेले होते. विहराला पळून जायचं होतं, पण दार त्याच्या पाठीमागं होतं.

"बाई," तो म्हणला, एकदम मवाळ आवाजात, आयुष्यात कधी कुणाशी बोलला नसंल तसा. "इथं जवळपास कुणाकडं कॅमेरा असंल का? माझा एक फोटो काढून पायजे. समोरनं. एकट्याचा. कागदाला लागतो."



त्यानं बोटांनी केस बसवले, सदऱ्याचं वरचं बटण लावलं. मग तिच्याकडं बघून विचारलं, "फोटोत हसायचं असतं का गं?"